‘घरी विचारून सांगतो’

नाशिक रोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात. तेथील कामगाराच्या हाताखालून एका पाळीत जेवढा पैसा जातो, तेवढा सामान्य माणसाच्या सात पिढ्यांनीही पाहिलेला नसतो. पण त्या आवारात प्रत्येक ताव मोजून येतो आणि मोजूनच जातो. पैसा ही मोजण्याची वस्तू आहे, हा धडा नाशिककरांइतका जवळून क्वचितच कोणाला मिळाला असेल. त्याच नाशिकमध्ये आज हॉटेलांच्या वातानुकूलित सभागृहांत वेगळाच पाठ दिला जात आहे. पैसा मोजायचा नसतो, तो ‘आकर्षून’ घ्यायचा असतो. तो श्रमातून, कौशल्यातून वा भांडवलातून नव्हे, तर ‘मानसिकते’तून जन्मतो, असा तो पाठ आहे. ‘मनी माइंडसेट’, ‘पर्सनल ग्रोथ’, ‘संपन्नतेचे विज्ञान’ अशा नावांनी भरणाऱ्या या वर्गांचे निमंत्रण आता बहुधा एकट्याला नसते. ते जोडप्याला असते. पतीबरोबर पत्नी आली तर शुल्कात सवलत, दोघांनी मिळून पुढच्या टप्प्याची नोंदणी केली तर आणखी सवलत.

जोडप्यावर एवढी मेहेरबानी कशासाठी? पती-पत्नींनी एकत्र शिकावे, यात वावगे काय, असे कोणीही विचारील. एकत्र शिकण्यात काहीच वावगे नाही. प्रश्न एवढाच आहे की, या सभागृहात जोडप्याला शिकवले जाते की जोडप्याचे काही काढून घेतले जाते?

संसाराचे कुलूप

मध्यमवर्गीय मराठी घरातील बचतीला एक न दिसणारे कुलूप असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा पती असो किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी पत्नी असो, मोठ्या रकमेचा विषय निघाला की दोघांपैकी एकजण उत्साहात असतो आणि दुसरा विचारतो, ‘आणि बुडाले तर?’ हा प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या क्षणी अप्रिय होते, प्रसंगी भित्री ठरते. परंतु ज्या घराला आर्थिक सल्लागार परवडत नाही, त्या घराचा सल्लागार हाच प्रश्न असतो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी, आईने मोडू न दिलेले दोन तोळे, हे सारे टिकले आहे ते या घरगुती नकारामुळे.

विक्रीच्या व्यवसायात मुरलेल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असते. कितीही रंगलेला सौदा एका वाक्याने मोडतो, ‘घरी विचारून सांगतो.’ माणूस घरी जातो, जेवताना विषय काढतो, समोरून दोन साधे प्रश्न येतात आणि सभागृहात पेटलेली ज्योत वरणभाताच्या ताटासमोर विझून जाते. यावर उपाय एकच. ज्याला विचारायचे ते घरच सभागृहात आणून बसवायचे. मग ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायला घर उरतच नाही. जोडप्याला मिळणाऱ्या सवलतीचे खरे इंगित हे आहे.

पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिले सत्र विनामूल्य किंवा नाममात्र शुल्काचे. त्यात कर्णकर्कश संगीत, उभे राहून टाळ्या, शेजाऱ्याला आलिंगन, डोळे मिटून बालपणीची दुःखे आठवणे, मग अश्रू. मन असे मऊ झाल्यावर दोन दिवसांच्या शिबिराची घोषणा होते. त्या शिबिरात ‘प्रगत’ शिबिराची. आणि प्रगत शिबिरात वर्षभराच्या ‘मार्गदर्शना’ची. प्रत्येक पायरीवर शुल्क वाढते आणि सवलत मात्र ‘आजच्या दिवसापुरती’ असते. ज्या विद्येने आयुष्यभराची श्रीमंती येणार, ती उद्या सकाळी विकत घेता येत नाही, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

या साऱ्यात एक शब्द सर्वांत मोलाचा असतो, ‘निगेटिव्ह’. शंका घेणारा निगेटिव्ह, हिशेब विचारणारा निगेटिव्ह, कर्ज काढून शुल्क भरायला कचरणारा तर ‘गरिबीच्या मानसिकतेत अडकलेला’. हा शब्द एकदा दोघांच्या तोंडी बसला की तो घरी जातो. ज्या पत्नीने काल विचारले असते, ‘आणि बुडाले तर?’, ती आज पतीच्या यशातील अडसर ठरण्याच्या भयाने गप्प बसते. पत्नीचा उत्साह पाहून पतीही तसाच गप्प बसतो. दोघेही एकमेकांवरील प्रेमापोटी गप्प राहतात. कुलूप मोडावे लागत नाही. घरचेच लोक किल्ली काढून देतात.

विदेशी माल, देशी वेष्टन

या वर्गांना प्राचीन भारतीय ज्ञानाचा मुलामा देण्याची हौस असते. व्यासपीठावर लक्ष्मीची प्रतिमा, सुरुवातीला श्लोक, मध्येच ‘ब्रह्मांडाची ऊर्जा’. वस्तुतः या विचाराचे मूळ गोदाकाठी वा गंगाकाठी नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ‘न्यू थॉट’ नावाची एक चळवळ निघाली. विचाराने रोग बरे होतात, मग विचाराने दारिद्र्यही जाते, अशी तिची वाटचाल झाली. १९१० मध्ये वॉलेस वॉटल्स याचे श्रीमंतीच्या ‘शास्त्रा’वरील पुस्तक आले, १९३७ मध्ये नेपोलियन हिल याचे आले, १९९७ मध्ये रॉबर्ट कियोसाकी याचे. वॉटल्सचे जुने पुस्तक वाचून प्रेरणा मिळालेल्या ऱ्होंडा बर्न यांनी २००६ मध्ये ‘द सीक्रेट’ जगभर नेले. मोठ्या सभागृहात शेकडो माणसांना दोन-तीन दिवस बसवून भावनिक घुसळण करण्याचे तंत्रही अमेरिकेतीलच. वर्नर एरहार्ड याने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘एस्ट’ वर्गांनी ते रूढ केले.

या परंपरेचा तिच्या जन्मभूमीतील हिशेबही पाहण्यासारखा आहे. ‘द सीक्रेट’मध्ये झळकलेला जेम्स आर्थर रे याने २००९ मध्ये अ‍ॅरिझोनातील सेडोना येथे शिबिरार्थींना तापलेल्या बंदिस्त मांडवात बसवले. त्यात तिघांचा मृत्यू झाला आणि २०११ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल तो दोषी ठरला. पैशाची मानसिकता शिकवणाऱ्या कियोसाकीच्या एका कंपनीने, त्याची व्याख्याने भरवणाऱ्या संस्थेला सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर देण्याचा निवाडा विरुद्ध गेल्यानंतर, २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तेथे मानसिकता कामी आली नाही. कायदा कामी आला.

आपल्या परंपरेने धनाला कधीच तुच्छ लेखले नाही. चार पुरुषार्थांत अर्थाला मानाचे स्थान आहे. ज्या समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे तप केले, त्यांनीही संसार टापटिपीने करण्याचाच आग्रह धरला. परंतु आपल्याकडे अर्थ हा धर्माच्या मर्यादेत आहे. तो मिळवण्याला उद्योग लागतो, राखण्याला विवेक लागतो आणि खर्चण्याला दानत लागते. सटाण्याचे मामलेदार यशवंतराव महाराज यांनी १८७०-७१ च्या दुष्काळात उपाशी जनतेसाठी सरकारी खजिना खुला केला, म्हणून लोकांनी त्यांना ‘देव मामलेदार’ म्हटले. त्यांची समाधी गोदाघाटावर आहे. धनाने देवत्व येते ते असे. ब्रह्मांडाकडे मोटारीची मागणी नोंदवणे आणि त्याला लक्ष्मीपूजन म्हणणे, ही श्रद्धा नव्हे; श्रद्धेची ती उसनवारी आहे.

कांद्याला मानसिकता विचारा

‘तुम्ही गरीब आहात, कारण तुमचे विचार गरीब आहेत’ हा या वर्गांचा गाभा आहे. ऐकायला तो उभारी देणारा वाटतो. प्रत्यक्षात तो क्रूर आहे. नाशिक जिल्ह्यात तो किती पोकळ ठरतो, हे पाहायला फार दूर जायला नको. लासलगावच्या बाजार समितीत उभे राहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले, पुढे ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले. या निर्णयांच्या योग्यायोग्यतेची चर्चा वेगळी. पण या दीड-दोन वर्षांत निफाडच्या, चांदवडच्या, येवल्याच्या शेतकऱ्याचे उत्पन्न पाऊस, साठवण, शुल्क आणि मागणी यांनी ठरवले, की पहाटे उठून आरशासमोर म्हटलेल्या वाक्यांनी? भाव पडल्यावर त्या शेतकऱ्याला ‘तुझी मानसिकता तपास’ असे सांगण्याचे धाडस कोणी करील काय?

लासलगाव ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच निफाडला १८४२ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. देशाच्या दारिद्र्याचे कारण त्यांनी भारतीयांच्या डोक्यात शोधले नाही. शेतीवरील अतिभार, भांडवलाचा तुटवडा, बुडालेले उद्योग अशी कारणे त्यांनी आकड्यांनिशी मांडली. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देताना, इंग्लंडात रचलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे सर्व देशांना लागू होत नाहीत, असे त्यांनी ठणकावले. परकीय सिद्धान्त तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हा संस्कार ज्या मातीने दिला, त्या मातीत आज शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन माल ‘ऋषींचे रहस्य’ म्हणून खपावा, हे आपल्याला शोभणारे नाही.

नाशिकची स्मरणशक्ती एवढी अल्प?

मानसिकतेचे वर्ग आणि ठेवींच्या बुडीत योजना या एकच नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. वर्ग घेणारा प्रत्येकजण लबाड असतो, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु घरातला नकार एकदा निष्प्रभ झाला की दार कोणासाठी उघडे राहते, याचा अनुभव या शहराने घेतला आहे. नाशिकच्या ‘केबीसी मल्टिट्रेड’ या कंपनीविरुद्ध २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले. कंपनीचे प्रमुख म्हणून ज्यांच्यावर ठपका आला, ते पती-पत्नी परदेशी निघून गेले आणि मे २०१६ मध्ये मुंबईच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. त्याच वर्षी ‘मैत्रेय’ समूहाविरुद्धही नाशिकमध्ये गुन्हा नोंदला गेला. या योजना रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने येऊन गळ्यात मारल्या नव्हत्या. मेहुण्याने साडूला, शिक्षकाने सहकाऱ्याला, वहिनीने नणंदेला सांगितल्या होत्या. नात्याचा विश्वास हेच तेथील भांडवल होते. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. देशाचा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा २०१९ चा. पण कायदा येतो तो पैसे गेल्यानंतर. पैसे जाण्यापूर्वी येतो तो फक्त घरातला नकार.

जोडप्यालाच एकक मानणारी आणखी एक परंपरा आपल्याकडे १९९८ पासून रुजली. ‘अ‍ॅमवे’सारख्या साखळी विक्रीच्या जाळ्यांत पती-पत्नी मिळून वितरक होत आणि मग पुस्तके, ध्वनिफिती, मेळावे यांचा अखंड क्रम सुरू होई. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या कंपनीची ७५७ कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता टाचेखाली आणली. वस्तू विकण्यापेक्षा सभासद होऊन श्रीमंत कसे व्हावे, याच्या प्रचारावरच सारा भर होता, असे संचालनालयाचे म्हणणे. कंपनीने आरोप नाकारले. न्यायनिवाडा न्यायालय करील. परंतु त्या मेळाव्यांत रात्री उशिरापर्यंत टाळ्या वाजवून घरी परतलेल्या जोडप्यांनी आपल्या वह्या काढून, किती मिळाले आणि किती गेले, याची बेरीज स्वतःच करावी.

आज मानसिकतेच्या वर्गाचा पुढचा थांबा बहुधा शेअर बाजार असतो. ‘भय काढून टाका’ असे शिकवून झाले की फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा अभ्यासक्रम पुढे येतो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या प्रकारात व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाला आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. एवढ्या सगळ्यांची मानसिकताच बिघडलेली होती काय? शिक्षणाच्या नावाखाली सल्ला विकला जातो, हे ध्यानात आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये ‘सेबी’ने, बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांना मागील तीन महिन्यांचे भाव वापरण्यास मनाई केली. नियामकाला जे भय वाटते, ते कुटुंबाने काढून का टाकावे?

गरज खरी आहे

या वर्गांना गर्दी होते, ती लोक मूर्ख आहेत म्हणून नव्हे. गरज खरी आहे. आपल्या घरांत पैशाविषयी बोललेच जात नाही. पतीचा विमा किती रकमेचा, कर्जाचा हप्ता किती, खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव, हे कित्येक सुशिक्षित गृहिणींना पती गेल्यानंतर कळते. मराठी तरुण व्यवसायात उतरायला बिचकतो, हेही खरे. वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेले जोडपे एखाद्या शिबिरात प्रथमच हात हातात घेऊन बोलते, तेव्हा त्यांना मिळणारे समाधानही खोटे नसते. पण त्या समाधानाचे श्रेय बोलण्याला आहे, शिबिराला नाही. आणि बोलायला सभागृह लागत नाही.

पती-पत्नींनी मिळून शिकण्याचा आदर्शच हवा असेल तर तो याच जिल्ह्याशी नाते सांगणारा आहे. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांचा रमाबाईंशी विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. घरच्या वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून न्यायमूर्तींनी त्यांना शिकवले. बदलीच्या गावी, त्यांत नाशिकही आले, हा अभ्यास चालूच राहिला. अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंतची ही वाटचाल दोन दिवसांत झाली नाही. ती वर्षानुवर्षांची होती. पतीच्या निधनानंतर त्याच रमाबाईंनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभे केले आणि हजारो स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे राहण्याची विद्या दिली. सहजीवनातून झालेली वाढ अशी असते. तिचे फळ समाजाला मिळते. ‘आमची वाढ’ म्हणून जी केवळ आमच्या मोटारीच्या लांबीने मोजली जाते, तिला वाढ म्हणावे की सूज?

करायचे काय?

उपाय खर्चिक नाहीत. आठवड्यातून एकदा कुटुंबाने एकत्र बसून जेवावे, बोलावे, हा प्रघात आपल्यापैकी अनेक घरांत आहे. त्यातील महिन्याचा एक दिवस पैशासाठी राखून ठेवावा. पासबुके, विम्याची कागदपत्रे, कर्जाचे हप्ते दोघांनी समोर मांडावेत. मुले मोठी असतील तर त्यांनाही बसवावे. वारसांची नावे तपासावीत. ठराविक रकमेवरचा कोणताही खर्च दोघांच्या संमतीखेरीज आणि एक रात्र मध्ये गेल्याखेरीज करायचा नाही, असा घरचा नियम करावा. ‘आजच नोंदणी करा’ म्हणणाऱ्याला त्या नियमानेच उत्तर मिळते.

कोणी गुंतवणुकीचा सल्ला देऊ लागला तर ‘सेबी’कडे त्याची नोंदणी आहे काय, हे पाहावे, ते विनाशुल्क पाहता येते. ठेवी गोळा करणाऱ्यांविषयी तक्रार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेची ‘सचेत’ ही सोय २०१६ पासून आहे. शुल्क भरून फसगत झाली असेल तर ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, ती गप्प बसणाऱ्या ग्राहकाला बोलता करण्यासाठीच. लाजेपोटी गप्प बसणारे जोडपे पुढच्या दहा जोडप्यांची फसवणूक सुकर करते.

आणि ज्ञानाची तहान असेल तर तीही भागवता येते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. तेथे वक्त्याला प्रश्न विचारणाऱ्याला कोणी निगेटिव्ह म्हणत नाही आणि व्याख्यान संपल्यावर दाराशी नोंदणीचे टेबल नसते. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत बँकेच्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला बोलावून जोडप्यांची बैठक घ्यावी. खर्च चहाचा तेवढा होईल.

व्यासपीठावरून कोणी गर्जून सांगेल की, शंका हा यशाचा शत्रू आहे. तेव्हा शेजारी बसलेल्या जोडीदाराकडे पाहावे. संसारात तो किंवा ती केवळ ‘हो’ म्हणण्यासाठी आलेली नाही. सप्तपदीत दिलेला शब्द सोबतीचा आहे, आणि सोबतीत वेळीच हात धरून थांबवणेही येते. तो हात ज्या घरात शाबूत आहे, त्या घराची लक्ष्मी स्थिर आहे. म्हणून यापुढे असे निमंत्रण आले तर सवलत कितीही असो, निःसंकोचपणे आपले जुने, खणखणीत मराठी उत्तर द्यावे, ‘घरी विचारून सांगतो.’